पायांत जादू असली तरी परवाना लागतोच!

दक्षिण अमेरिकेतील कोवळ्या मुलांसाठी युरोपचे फुटबॉल क्लब कोट्यवधी रुपये मोजतात. पण करारावर सही झाली म्हणजे मुलगा मैदानात उतरलाच, असे नसते. वयाची अट, कामाचा परवाना, आजोबांचा पासपोर्ट अशा अनेक चाळण्यांतून त्याला जावे लागते. या चाळण्या कशा आहेत? आणि फुटबॉलवेड्या मराठी मुलांच्या आईवडिलांनी त्यातून काय घ्यावे?

उत्तर दिल्लीत रिक्षावाल्याला नुसते ‘हिंदूराव’ म्हटले, की तो टेकडीवरच्या मोठ्या रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडतो. आसपासच्या वस्तीलाही तेच नाव. हे हिंदूराव कोण, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते होते कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला. पुढे त्याचा टेकडीवरचा बंगला हिंदूरावांनी घेतला आणि एका मराठी माणसाचे नाव दिल्लीच्या नकाशावर कायमचे कोरले गेले. त्या काळी कर्तबगार माणूस घोड्यावर मांड टाकून परमुलखात जाई आणि नशीब काढी. कामाचा परवाना मागणारे सरकारी खाते त्याच्या वाटेत नव्हते.

दीड शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २०१७ च्या ऑक्टोबरात कोल्हापूरचाच आणखी एक जण दिल्लीत आला. वय सतरा, नाव अनिकेत जाधव. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा प्रथमच भारतात भरली होती आणि अनिकेत भारतीय संघात होता. भारताचे तिन्ही साखळी सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये झाले. ९ ऑक्टोबरला गाठ पडली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाशी. उत्तरार्धात हुआन पेन्यालोसाने कोलंबियाला आघाडी मिळवून दिली. ८२ व्या मिनिटाला मणिपूरच्या जिक्सन सिंगने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. विश्वचषकातला भारताचा तो पहिलावहिला गोल! स्टेडियम डोक्यावर घेतले गेले. पण जेमतेम मिनिटभरात पेन्यालोसाने पुन्हा गोल केला आणि भारत २-१ असा हरला.

त्या स्पर्धेला जगभरातल्या क्लबांची माणसे वह्या घेऊन आली होती. कोणता मुलगा कोणत्या पायाने मारतो, दमल्यावर कसा धावतो, याची नोंद ते करत होते. पण ज्याच्याविषयी सर्वांत जास्त बोलले जात होते, तो मुलगा भारतात आलाच नाही.

न आलेला पाहुणा

त्याचे नाव व्हिनिसियस ज्युनियर. ब्राझीलच्या संघात त्याची निवड झाली होती, पण फ्लामेंगो या त्याच्या क्लबने त्याला सोडण्यास नकार दिला. कारण उघड होते. त्याच वर्षी मे महिन्यात स्पेनच्या रिआल माद्रिदने सुमारे साडेचार कोटी युरो देऊन त्याला घेण्याचा करार केला होता. एवढे पैसे मोजूनही माद्रिदला तो लगेच मिळणार नव्हता. जुलै २०१८ मध्ये तो अठरा वर्षांचा होईपर्यंत थांबणे भाग होते. तोवर फ्लामेंगोला तो आपल्या सामन्यांसाठी हवा होता.

व्हिनिसियस आणि अनिकेत दोघेही २००० सालच्या जुलैतले. वय एकच, खेळ एकच, जागाही दोघांची आघाडीची. एकाचा करार शाळकरी वयात झाला. दुसऱ्यासाठी युरोपचे दार किलकिले होण्याआधीच अनेक नियम आडवे उभे होते. गुणवत्तेतला फरक मान्य केला तरी दोघांना लागू होणारे नियम कोणते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

अठराची रेघ

जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे ‘फिफा’ने २००१ पासून एक नियम कडक केला. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी करता येत नाही. अपवाद थोडे आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने परदेशी राहायला गेले, तर मुलगा तिथे खेळू शकतो. युरोपीय संघातल्या देशांमध्ये सोळा ते अठरा वयाची मुले बदली घेऊ शकतात, मात्र त्यांच्या शिक्षणाची आणि राहण्याची जबाबदारी क्लबवर असते. शिवाय सरहद्दीलगत राहणाऱ्या मुलांना पलीकडच्या जवळच्या क्लबात खेळण्याची मुभा आहे.

नियम इतका कडक का? त्यामागे फार दुःखद अनुभव आहे. ‘मोठ्या क्लबात चाचणी आहे’ असे सांगून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतली मुले युरोपात नेली जात. आईबाप दागिने मोडून, जमीन विकून दलालाचे पैसे भरत. चाचणीत मुलगा उतरला नाही की दलाल गायब! मग परका देश, परकी भाषा आणि खिशात परतीच्या तिकिटाचेही पैसे नाहीत. अशी मुले रस्त्यावर आली. त्यांना वाचवण्यासाठी अठराची रेघ ओढली गेली.

लिओनेल मेस्सी अर्जेंटिनातून बार्सिलोनाला गेला तो २०००  साली, वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे हा नियम येण्यापूर्वी. पुढे त्याच बार्सिलोनावर परदेशी मुलांच्या नोंदणीत नियम मोडल्याबद्दल फिफाने २०१४ मध्ये कारवाई केली आणि लागोपाठच्या दोन बदली-खिडक्यांत नवे खेळाडू घेण्यास बंदी घातली. नंतर रिआल माद्रिद, अॅटलेटिको माद्रिद आणि इंग्लंडचा चेल्सी यांनाही अशाच कारणांसाठी शिक्षा झाल्या.

आता क्लब वेगळी युक्ती करतात. सोळाव्या वर्षी करार करायचा, मुलाला त्याच्याच देशात खेळू द्यायचे आणि अठरावा वाढदिवस झाला की विमानात बसवायचे. ब्राझीलचा एन्ड्रिक असाच २०२४ मध्ये माद्रिदला गेला, तर एस्तेव्हाओ २०२५ मध्ये चेल्सीत दाखल झाला. नियम पाळला जातो हे खरे, पण दोन वर्षे त्या पोराच्या डोक्यावर कोट्यवधींच्या किमतीचे ओझे असते. शेजारीपाजारी, नातेवाईक, वर्तमानपत्रे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. एखादा पास चुकला तरी बातमी होते.

इंग्लंडची पंधरा गुणांची परीक्षा

अठरा वर्षे पूर्ण झाली तरी दुसरे दार उरतेच. ते असते त्या देशाच्या सरकारचे. यात सर्वांत अवघड मानला गेला तो इंग्लंडचा दरवाजा. आणि त्याचा अनुभव दिल्लीत वाढलेल्या एका भारतीय खेळाडूने घेतला आहे.

सुनील छेत्रीचे काही शालेय शिक्षण दिल्लीत झाले आणि क्लब फुटबॉलची सुरुवातही त्याने दिल्लीतूनच केली. ऑगस्ट २००८ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियममध्ये एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल केले. भारत ४-१ असा जिंकला आणि तब्बल २७ वर्षांनी, २०११ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला. पुढच्याच वर्षी लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने छेत्रीशी तीन वर्षांचा करार केला. घराघरांत पेढे वाटावेत अशी ती बातमी होती. पण ब्रिटिश सरकारने कामाचा परवाना नाकारला.

कारण छेत्रीच्या खेळात नव्हते. तेव्हाच्या नियमानुसार खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये असावा लागे आणि त्या खेळाडूने दोन वर्षांत देशाच्या ७५ टक्के सामन्यांत भाग घेतलेला असावा लागे. छेत्री देशासाठी सातत्याने खेळत होता, पण देशच सत्तरीत नव्हता. भारताचा आजवरचा सर्वोत्तम क्रमांक ९४, तोही फेब्रुवारी १९९६ मधला. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला, ‘तुझी शाळाच मागे आहे’ म्हणून बाहेर ठेवावे, तसा हा प्रकार झाला. छेत्री पुढे अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे आणि पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंग लिस्बनकडे गेला, पण इंग्लंडचे स्वप्न राहून गेले.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, जानेवारी २०२१ पासून इंग्लंडने गुणांची पद्धत आणली. खेळाडू देशासाठी किती खेळला, त्या देशाचा क्रमांक काय, त्याचा क्लब कोणत्या दर्जाच्या साखळीत आहे, खंडीय स्पर्धेत तो किती मिनिटे मैदानावर होता, या सर्वांना गुण मिळतात. पंधरा गुण झाले की इंग्लिश फुटबॉल संघटनेची शिफारस मिळते आणि मग व्हिसा.

या बदलाचा एक परिणाम मोठा गमतीचा झाला. पूर्वी फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालची सोळा-सतरा वर्षांची पोरे इंग्लंडचे क्लब सहज आणू शकत. ती वाट बंद झाली. मग त्यांची नजर वळली ब्राझील, अर्जेंटिना, इक्वेडोर, पराग्वेकडे. तिथली मुले सतरा-अठराव्या वर्षीच मोठ्यांच्या सामन्यांत उतरतात. ‘कोपा लिबर्तादोरेस’ या खंडीय स्पर्धेत खेळतात. त्यामुळे त्यांचे गुण लवकर जमतात.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे इक्वेडोरचा मोइसेस कैसेदो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रायटनने त्याला घेतले तेव्हा तो १९ वर्षांचा होता. क्लबने त्याला आधी बेल्जियममध्ये उसनवारीवर खेळायला पाठवले, मग आपल्या संघात मुरवले. ऑगस्ट २०२३ मध्ये चेल्सीने त्याच्यासाठी दहा कोटी पौंडांचा करार केला. नंतरच्या अटी पूर्ण झाल्यास ही रक्कम साडेअकरा कोटींवर जाणार होती. ब्रिटनमध्ये तोवर एवढी किंमत कोणाला आली नव्हती.

पण सगळेच कैसेदो नसतात. त्याच चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये ब्राझीलच्या आंद्रे सांतोसला घेतले. वय अठरा. त्याला इंग्लंडमध्ये खेळण्याचा परवाना मिळाला नाही आणि काही आठवड्यांतच तो उसनवारीवर पुन्हा आपल्या जुन्या वास्को द गामा क्लबात खेळू लागला. करार लंडनचा आणि सामने रिओचे! क्लबांनी तक्रारीचा सूर लावल्यावर जून २०२३ मध्ये नियम सैल झाले. जे क्लब इंग्लिश खेळाडूंना पुरेशी संधी देतात, त्यांना पंधरा गुण न झालेले काही परदेशी खेळाडूही घेता येऊ लागले. वरच्या दोन साखळ्यांतल्या क्लबांना असे जास्तीत जास्त चार. म्हणजे घरच्या मुलांना खेळवा आणि बाहेरच्या मुलासाठी जागा मिळवा, असा हा हिशेब आहे.

आजोबांचा पासपोर्ट

युरोपातल्या इतर देशांत आणखी एक गोष्ट खेळाडूचे भवितव्य ठरवते. ती म्हणजे त्याच्या आजोबा-पणजोबांचे गाव. अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील या भागांत इटली आणि स्पेनमधून लाखो लोक जाऊन वसले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी अनेकांना कागदपत्रे दाखवून त्या देशाचे नागरिकत्व मिळाले. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर स्पेन, इटलीत मर्यादा असते. पण पासपोर्ट हाती आला की मुलगा ‘परदेशी’ राहत नाही. म्हणून क्लबांची माणसे खेळाबरोबर घराण्याचीही चौकशी करतात. स्पेनने तर पूर्वीच्या वसाहतींतल्या लोकांना दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करण्याची सवलत दिली आहे. इतरांना त्यासाठी साधारणपणे दहा वर्षे थांबावे लागते. व्हिनिसियसलाही २०२२ मध्ये स्पेनचे नागरिकत्व मिळाले.

आपल्याकडे याच्याशी जुळणारी गोष्ट गोव्यात घडते. १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. हजारो गोवेकर कुटुंबे त्या आधारे युरोपात गेली. फुटबॉल खेळणाऱ्या मुलासमोर मात्र यात मोठा पेच असतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. आणि २००८ पासून केंद्र सरकारचा नियम असा, की भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळायचे तर भारतीय पासपोर्टच हवा. म्हणजे एका हाताने युरोपचे दार उघडावे, तर दुसऱ्या हाताने निळी जर्सी उतरवावी लागते. पुण्याच्या ‘पुणे एफसी’त खेळणाऱ्या इझुमी अराता याने उलट वाट धरली. वडील भारतीय, आई जपानी. त्याने जपानी नागरिकत्व सोडले, भारताचे घेतले आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. एका पासपोर्टमागे किती मोठा निर्णय दडलेला असतो, हे अशा खेळाडूच्या घरच्यांनाच ठाऊक.

मालक पुण्याचे, क्लब इंग्लंडचा

मालकच मराठी मुलखातले असतील तर आपल्या मुलांची सोय होईल, असे कुणाला वाटेल. २०१० च्या नोव्हेंबरात तसे घडलेही. कुक्कुटपालनाच्या व्यवसायात नाव असलेल्या पुण्याच्या ‘व्यंकीज’ समूहाने इंग्लंडचा जुना ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. त्यानंतर दोन महिन्यांत, जानेवारी २०११ मध्ये क्लबने अर्जेंटिनाच्या माउरो फॉर्मिकाला आणले. वय बावीस, आधीचा क्लब न्यूवेल्स ओल्ड बॉइज. मेस्सी लहानपणी जिथे खेळला, तोच हा रोसारियो शहरातला क्लब. पुढे २०१२ मध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली घसरला.

मालकी पुण्याची असली तरी परवाना देणारे सरकार ब्रिटनचेच होते. रोसारियोच्या मुलाला आणि कोल्हापूरच्या मुलाला तिथे एकाच तराजूत तोलले जाते. त्या तराजूत अर्जेंटिनाचे नाव जड आणि भारताचे हलके. पैशाने क्लब विकत घेता येतो, देशाची क्रमवारी नाही.

मांडवीकाठचे ब्राझीलकर

आता उलट बाजूने पाहू. दक्षिण अमेरिकेतले खेळाडू भारतातही येतात. होजे रमिरेझ बॅरेटो हा ब्राझीलचा खेळाडू १९९९ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानकडे आला, तेव्हा तेविशीत होता. मधल्या काळात तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडूनही खेळला. काही हंगामांसाठी आलेला हा पाहुणा पुढे इतका रुळला, की बंगाली प्रेक्षकांनी त्याला घरचाच मानला. गोव्यात तर ब्राझीलच्या खेळाडूंना निम्मे घर सापडल्यासारखे होते. जुन्या पिढीतली माणसे पोर्तुगीज बोलतात, जेवणात भात-मासळी असते आणि रविवारी चर्चची घंटा वाजते.

पण परक्या देशात कमवायला आलेल्या मुलाची जोखीम काय असते, हे ५ डिसेंबर २००४ रोजी साऱ्या देशाने पाहिले. बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, गोव्याचा धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा ब्राझीलकर क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो कोसळला. पुन्हा उठला नाही. वय अवघे पंचवीस. धेंपोने सामना २-० असा जिंकला, पण तो चषक उचलताना कुणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. क्लबने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. मैदानावरच्या वैद्यकीय व्यवस्थेबद्दल तेव्हा देशभर टीका झाली. हजारो मैलांवरच्या घरी अशी बातमी जाते, तेव्हा करारातल्या विम्याच्या आणि औषधोपचाराच्या कलमांना काय मोल असते, ते कळते.

दिल्लीच्या खिडक्या

परदेशी खेळाडूला भारतात खेळायचे तर त्याची फाइल कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर दिल्लीला येतेच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे ‘फुटबॉल हाऊस’ द्वारकेत आहे. व्हिसाचे नियम गृह मंत्रालय ठरवते. पर्यटक म्हणून येऊन पगारी सामने खेळता येत नाहीत, त्यासाठी नोकरीचा व्हिसा हवा. अशा व्हिसासाठी किमान पगाराची अट घातली गेली. आधी ती वर्षाला २५ हजार डॉलर होती, पुढे रुपयांत १६.२५ लाख. जे काम करायला भारतीय माणसे सहज मिळतात, त्यासाठी परदेशी माणूस आणू नये, हा त्यामागचा हेतू. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल, तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करण्याचा दंडक आहे.

या नियमांतून दक्षिण अमेरिकेचे अनेक खेळाडू दिल्लीत आले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा ‘दिल्ली डायनामोज’ संघात विशीतला ब्राझीलकर गुस्ताव्हो मार्मेंतिनी होता. पुढच्या वर्षी ब्राझीलचा विश्वविजेता रॉबेर्तो कार्लोस प्रशिक्षक म्हणून आला. २०१६ मध्ये मार्सेलिन्योने दहा गोल करून स्पर्धेतला ‘गोल्डन बूट’ पटकावला. २०१९ मध्ये मात्र हा संघच दिल्ली सोडून भुवनेश्वरला गेला आणि ‘ओडिशा एफसी’ झाला.

आपल्या मैदानांवरही इंग्लंडसारखाच प्रश्न उभा राहिला. परदेशी आघाडीवीर गोल करू लागले, तर भारतीय मुलगा गोल करायला शिकणार कुठे? पहिल्या हंगामात एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एका वेळी मैदानावर असत. २०१७ मध्ये ते पाच झाले, २०२१ मध्ये चार. ही कपात चांगली की वाईट, यावर वाद आहेत. चांगला परदेशी सोबती असला की आपला खेळाडू चार गोष्टी शिकतो, असे काहींचे म्हणणे. तर बाकावर बसून कोणी शिकत नाही, असे दुसऱ्यांचे. दोन्हींत तथ्य आहे. म्हणून कामाचा परवाना हा नुसता पोलिसी कागद नाही. घरचा मुलगा आणि पाहुणा यांच्यात जागा कशी वाटायची, याचा तो हिशेब आहे.

आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे

कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ भिडतात तेव्हा शाहू स्टेडियम तुडुंब भरते. पुणे, मुंबई, नागपूर, गोवा, बेळगावातही पोरे पहाटे उठून मैदान गाठतात. अशा एखाद्या मुलाच्या घरी उद्या कुणी ‘परदेशी क्लबाचा माणूस’ म्हणून आला, तर काय करावे?

१. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल आणि कुणी परदेशी क्लबात नोंदणी करून देतो म्हणाले, तर सावध व्हावे. नियमातल्या कोणत्या अपवादात तो बसतो, हे लेखी विचारावे. प्रशिक्षण शिबिर वेगळे आणि क्लबात नोंदणी वेगळी. शिबिराचे पैसे भरले म्हणजे क्लबने घेतले, असे नव्हे.

२. दलालाकडे फिफाचा परवाना आहे का, ते पाहावे. अल्पवयीन मुलाशी बोलण्याआधी पालकांची लेखी संमती घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. जो आईवडिलांना टाळून थेट मुलाला फोन करतो, त्याला दारात उभे करू नये.

३. पर्यटक व्हिसावर नेऊन ‘तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा. क्लबचे पत्र आले असेल, तर त्या क्लबकडे आणि राज्य संघटनेकडे स्वतंत्रपणे खात्री करावी. देश बदलणाऱ्या प्रत्येक खेळाडूला आपल्या महासंघाचा बदलीचा दाखला लागतो. तो गुपचूप मिळत नाही.

४. अठरा वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून मोठा असू शकत नाही. करारात पगार, राहण्याची सोय, विमा, दुखापतीतला औषधोपचार, शिक्षण आणि परतीचे तिकीट आहे की नाही, हे वकिलाकडून वाचून घ्यावे.

५. बाराव्या वर्षापासून मुलगा कोणत्या क्लबात, शाळेत, तालमीत नोंदणीकृत खेळला, त्याचे कागद जपून ठेवावेत. करार सुरू असलेला खेळाडू पैसे घेऊन एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जातो, तेव्हा त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. दक्षिण अमेरिकेतले अनेक छोटे क्लब अशा पैशांवर पुढची पोरे घडवतात. आपल्याकडे नोंदीच नसतील, तर हक्काचे पैसेही मिळत नाहीत.

६. आणि सर्वांत महत्त्वाचे, शाळा सोडू देऊ नये. थोडे इंग्रजी आले तर मुलगा परक्या गावात आपले गाऱ्हाणे स्वतः सांगू शकतो.

अठराची रेघ, पंधरा गुण, आजोबांचा पासपोर्ट हे सारे नियम काही निर्दोष नाहीत. छेत्रीसारख्याला ते अडवतात आणि ज्याच्या देशाचे नाव मोठे त्याला झुकते माप देतात. पण त्यांतलाच एक नियम कुठल्यातरी गावच्या तेरा वर्षांच्या मुलाला दलालाच्या तावडीतून सोडवतो. म्हणून त्यांचा राग करण्यापेक्षा ते आधी माहीत करून घेणे शहाणपणाचे. मुलाला बूट आणि चेंडू आपण हौसेने घेऊन देतो. त्याच पिशवीत जन्मदाखला, शाळेचे दाखले आणि क्लबच्या नोंदींची एक फाइलही असू द्यावी. चेंडू त्याचा तो सांभाळील, फाइल आईवडिलांनी सांभाळायची.